उन्हात वाळवलेली रेघ

आमचं तलवाड्यात मॅचिंग सेंटर आहे. साडी तुम्ही बीडहून घ्या, औरंगाबादहून घ्या, नाहीतर माहेरून आंदण आणा, तिचा फॉल, अस्तर आणि ब्लाउजपीस घ्यायला शेवटी आमच्याच ओट्यावर यायचं. बाहेरून हा धंदा सोपा दिसतो. गादीवर बसलं की कळतं की डाळिंबी हा एक रंग नसून सतरा-अठरा रंग आहेत आणि समोरच्या बाईला नेमका एकोणिसावा हवा आहे. त्यात गावात केबल आल्यापासून बायका रंगाचं नावच सांगेनाशा झाल्या. "काल त्या थोरल्या सुनेनं नेसलीती बगा, तसलं द्या," म्हणतात. त्यामुळे मला रोज संध्याकाळी धंद्यासाठी मालिका बघाव्या लागत. माझी बायको शिवकन्या याला धंदा म्हणत नसे, ते असो.

या धंद्याचे दोन नियम आहेत. पहिला, ट्यूबलाइटखाली रंग ठरवायचा नाही. कापड घेऊन ओट्यावर यायचं आणि उजेडात बघायचं. दुसरा, ओल्या कापडाचा रंग खरा धरायचा नाही. भिजवायचं, उन्हात वाळवायचं, मग काय उरतं ते बघायचं. माझे वडील आप्पा हे नियम लिंगपूजेइतक्या निष्ठेनं पाळत, आणि आई त्यांच्याहून कडक. आईची नजर अशी की शेजारच्या गावच्या बायकाही "शांतादेवी हायत का?" असं विचारूनच पायरी चढत. गुडघे धरलेले असोत, भर मे महिना असो, आई गादीवरून उठून ओट्यावर गेल्याशिवाय "जमतंय" हा शब्द तिच्या तोंडून कधी निघाला नाही.

हे सगळं आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यावरून गावानं मला येड्यात काढलं. मी धंद्याची शिस्त कुठंही सोडली नव्हती, एवढंच माझं म्हणणं आहे.

आमच्या लग्नाला चार वर्षं होऊन गेली होती आणि घरात पाळणा नव्हता. तलवाड्यात असल्या गोष्टी कुणी तोंडावर विचारत नाही. "काय, समदं बरं हाय ना?" असं म्हणतात आणि उत्तर ऐकायला थांबतात. ब्लाउजपीस बघायला आलेली बाई आधी शिवकन्येच्या पोटाकडे बघायची आणि मग कापडाकडे. शिवकन्या धर्मापुरीची, बोलायला एकदम खमकी, पण या विषयावर ती गप्प झाली होती. महिन्याच्या महिन्याला मला तिच्या घड्यांवरून कळायचं. त्या दिवशी ती कापडाच्या घड्या अशा दाबून घालायची की पुढे गिऱ्हाइकासमोर उलगडताना मोड जात नसे.

त्या वर्षांत रोज काहीतरी नवं बाजारात यायचं. शिवकन्येची लातूरची बहीण रुद्राणी एकदा फोनवर म्हणाली की आता दवाखान्यात जायची गरज नाही, घरच्या घरी कळतं. एक पट्टी मिळते, तिच्यावर दोन रेघा आल्या की समजायचं. पाळी चुकली होतीच. शिवकन्येनं फोन ठेवला आणि मला म्हणाली, "आणता का?" दोनच शब्द. पण तिनं ते माझ्याकडे न बघता म्हटले, म्हणून मी लगेच हो म्हणालो.

आता ही वस्तू तलवाड्यात घेणं शक्यच नव्हतं. आमच्या शेजारी आसारामचं मेडिकल आहे. आसाराम मनुष्य प्रामाणिक, पण चूक होऊ नये म्हणून औषधाचं नाव मोठ्यानं वाचतो, आणि ते कुणासाठी, कुठं लावायचं हेही मोठ्यानं सांगतो. गावातल्या मूळव्याधीची यादी अख्ख्या स्टँडला पाठ आहे ती त्यामुळेच. गेवराईत मामेभाऊ मेडिकललाच कामाला. राहिलं बीड. बीडच्या दुकानात शिरलो तर काउंटरवर दोन पोरी. मी कंगवा मागितला. मग डोकेदुखीचा बाम मागितला. मग आणखी एक कंगवा मागितला. तेव्हा आतून मालक उठून आले, त्यांनी काही न विचारता कागदात गुंडाळून एक पुडी माझ्यापुढे ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सकाळच्या पहिल्या लघवीचं घ्या बरं का!" मी दोन्ही कंगवे तिथेच विसरून आलो.

सकाळी न्हाणीघर एक आणि माणसं तीन. आई तेव्हा तिच्या बहिणीकडे शिरूर कासारला गेलेली होती. आप्पांची आंघोळ आणि पूजा होईपर्यंत आमच्या घरात कुणी नाक शिंकरलेलंही चालत नाही. तरी शिवकन्येनं कसंतरी जमवलं. नमुना घ्यायला दुकानातली हुकांची रिकामी डबी वापरली. खोलीची कडी लावून आम्ही दोघं पलंगावर बसलो, मधे त्या पट्टीची पांढरी प्लास्टिकची डबडी. तिच्यावर थेंब टाकले. सोबतच्या कागदावर मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं की पाच मिनिटांत बघा, त्यानंतर जे दिसेल ते धरू नका.

एक रेघ आली. ठसठशीत. दुसरी नाही.

"येकच हाय," शिवकन्या म्हणाली. गिऱ्हाइकाला 'ह्यो शेड संपलाय' सांगावं तसं ती म्हणाली, आणि दूध उतू जाईल म्हणून निघून गेली.

मला ते पटेना. कागदावर लिहिलं होतं हे खरं, पण कंपन्या काय वाट्टेल ते लिहितात. साडीवरही 'फक्त ड्रायक्लीन' लिहिलेलं असतं आणि अख्खा तालुका ती दगडावर आपटतो. साडीला काही होत नाही. शिवाय आम्ही ती रेघ कुठं बघितली? ट्यूबलाइटखाली. आणि कशी? ओली. एकाच वेळी दोन्ही नियम मोडलेले! मी ती डबडी घेऊन गच्चीवर गेलो आणि वाळत घातलेल्या मिरच्यांच्या शेजारी, कठड्यावर, उन्हात ठेवली.

वाळल्यावर दुसरी रेघ उठली.

फिकट होती, मी नाही म्हणत नाही. खाली जाऊन दोऱ्यांच्या रिळांचं शेडकार्ड आणलं आणि एकेक दोरा लावून पाहिला. अबोलीच्या सगळ्यात फिक्या छटेच्याही अलीकडची. पण होती. मी जिन्यातून हाक मारली. शिवकन्या पिठाच्या हातानं वर आली.

"बघ."

तिनं बघितलं. डोळे बारीक केले. मान तिरकी केली.

"न्हाई दिसत."

"अगं अशी नको बघू. सूर्याकडं पाठ कर. सुती कापडावरचा त्याच रंगातला सेल्फ प्रिंट बघतेस ना, तसं बघ."

तिनं पाठ केली. मग एकदम माझा हात धरला; माझी सगळी बाही पिठानं भरली. "आवो, खरंच दिसतंय का, का मला दिसावं वाटतंय म्हणून दिसतंय?"

"मलाही दिसतंय ना!"

"तुमालाबी वाटतंयच की दिसावं." मग ती म्हणाली, "कुणाला सांगू नका. मला पक्कं कळस्तोवर कुणाला म्हंजे कुणाला न्हाई."

मी सांगणार नाही असं वचन दिलं आणि ते शेवटपर्यंत पाळलं. मी कुणालाही काही सांगितलं नाही. फक्त योगीराजला दाखवलं.

योगीराजचा आमच्या समोर फोटो स्टुडिओ आहे. त्याच्याकडे मोठं भिंग होतं आणि मला फक्त भिंग हवं होतं. मी म्हटलं, कंपनीकडून रंगाचा नमुना आलाय, जरा बघायचाय. योगीराज तीन लेकरांचा बाप.

"काय बे सिद्धाराम, नमुना कुणाचा हाय ते मला नको शिकवूस," तो म्हणाला. त्यानं भिंग लावलं, काढलं, परत लावलं. "हाय बी आन् न्हाई बी. डोळ्याचं काम न्हाई हे. फोटो काढू. मोठा केला की जे हाय ते समोर येतंय."

मला ते शास्त्रीय वाटलं. त्यानं ती डबडी निळ्या पडद्यासमोर स्टुलावर ठेवली, दोन्ही बाजूंनी दिवे लावले, छत्री उघडली आणि एवढ्या मन लावून फोटो काढला की आमच्या लग्नातही काढला नव्हता. रोल बीडच्या कलर लॅबला एसटीनं गेला. त्याच रोलवर एका लग्नाचे फोटो होते.

पुढचे काही दिवस फार चांगले गेले, हे मला सांगितलं पाहिजे. पाळी आली नव्हती. शिवकन्या कुणाला काही बोलत नव्हती, पण घड्या घालायची ती सैल, हलक्या हातानं. एकदा ती मला कपाटापुढे पाठमोरी उभी दिसली. मऊ मलमलचा एक तुकडा तिनं कापून बाजूला ठेवला होता. मला बघून म्हणाली, "रुमालाला घेतलाय." आमच्या घरात रुमालाला मलमल कुणी वापरत नाही.

फोटो आला त्या दिवशी मी विक्रीकराच्या कामाला गेवराईला गेलतो. साहेब नव्हते. साहेबांची खुर्ची होती आणि ती बघून परत यायला मला संध्याकाळ झाली. येऊन बघतो तर आमच्या ओट्यावर माणसं, आणि आप्पा, ज्यांनी उभ्या आयुष्यात गिऱ्हाइकाला पाव मीटर कापड जास्त दिलं नाही, ते पेढे वाटत होते. गादीमागच्या भिंतीला, बसवेश्वरांच्या फोटोच्या खाली, वहीएवढ्या आकाराचा रंगीत फोटो टेकवलेला. निळा पडदा, मधे पांढरी डबडी आणि तिच्यावर दोन रेघा. दोन्ही सारख्याच ठसठशीत. गर्द राणी रंगाच्या.

मी दुकानात नव्हतो म्हणून योगीराजनं फोटो आप्पांच्या हातात दिला होता. आप्पांनी हे काय म्हणून विचारलं आणि योगीराजनं "शरणार्थ, आजोबा!" असा नमस्कार करून त्यांना मिठी मारली होती.

खरं सांगतो, त्या क्षणी मला आधी अभिमान वाटला. मी म्हणत नव्हतो का? मग मला शिवकन्या दिसली. ती आतल्या दारात उभी होती.

"तुमी कुणाला सांगणार नव्हता," ती हळूच म्हणाली.

"मी सांगितलं नाही गं. दाखवलं."

मला वाटलं आता काही खरं नाही. पण तिची नजर माझ्या खांद्यावरून त्या फोटोकडे गेली, त्या दोन रेघांकडे, आणि ती हसली. तोंडावर पदर घेऊन, खांदे हलवून हसली. ते हसणं अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. समोरच्या भामाबाईनं पपई, पायऱ्या आणि पंखा या तीन गोष्टी बंद करायला लावल्या. पंख्याचं कारण विचारलं तर म्हणाली, "गरगर फिरतोय न्हवं? लेकरू बी फिरतंय आत." आसारामनं तर मला रस्त्यात अडवून जाब विचारला की शेजारी मेडिकल असताना बीडला जायचं कारण काय, त्याचा अपमान झाला होता. मी कंगवा आणायला गेलतो म्हणालो. "कंगवे बी हायत माझ्याकडं," तो म्हणाला आणि बोलणं टाकलं.

उपकेंद्राच्या नर्सबाई भिवराबाई पिशवी घेऊन स्वतः घरी आल्या. मार्च महिना होता आणि त्यांना वर्षाचं टार्गेट भरायचं होतं. मी म्हटलं, एकदा तपासून तर घ्या. त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. "एवढा साफ रिझल्ट मी जिल्ह्याला बी बघितला न्हाई. तपासू कावून?" त्यांनी नाव घातलं, महिने मोजले आणि शिवकन्येच्या दंडात धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन टाकलं. सरकारी खात्यात फोटोवरून झालेली ही पहिलीच नोंद असावी.

मग आई शिरूरहून आली. एसटीतून उतरेपर्यंत तिला ही बातमी चार जणांनी सांगितली होती, त्यामुळे ती भराभर चालत आली आणि पायरीवर गुडघा धरून बसली. आप्पांनी तिच्यापुढे पेढ्यांचा पुडा केला. तिनं तो घेतला नाही. "फोटू कुठाय?"

आप्पांनी फोटो दिला. आई उठली. ओट्याच्या कडेला, उजेडात गेली. फोटो तिरका धरला, सरळ धरला, अंगठा फिरवला.

"हे हातानं रंगवलंय," आई म्हणाली.

ओट्यावर भामाबाई होती, आसाराम होता, योगीराज होता. योगीराजनं फोटो हातात घेतला, नखानं रेघेवर जरा खरवडलं, आणि नखाला राणी रंग लागला. लॅबवाल्याला वाटलं असणार की प्रिंटमध्ये एक रेघ पुसट आली आहे. नवरीचे गाल रंगवायला ब्रश हातात होताच. त्यानं तीही भरून काढली होती. काम मात्र सफाईचं केलं होतं.

"मूळची कुठंय?" आई म्हणाली.

मी ती डबडी खिशात रुमालात बांधून हिंडत होतो. दिली. आईनं ती डोळ्यांजवळ धरली. मी म्हटलं, "आई, फिकी आहे, पण वाळवून बघितलीय. उन्हात."

"वाळवलीस कावून पर तू?" आई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "सिद्धा, हा रंग न्हाई. पाणी वाळल्यावर कापडावर कड उठती, ती हाय ही. तुला कळाया पायजे व्हतं."

धंद्यात एवढं मला कुणी कधी बोललं नव्हतं, आणि तेही भामाबाईसमोर. मी काहीतरी उत्तर देणार होतो. शेडकार्डाचा मुद्दा माझ्याकडे होता. तेवढ्यात आतल्या दारातून शिवकन्या म्हणाली, "आई बरोबर हायत. मला कालच कळलंय."

सगळे वळले.

"काल?" आई म्हणाली. "मग बोलली कावून न्हाईस, माय?"

शिवकन्या आप्पांच्या हातातल्या पुड्याकडे बघत होती. "आप्पा लई खूश होते," ती म्हणाली.

कालचा अख्खा दिवस ती भामाबाईचे सल्ले ऐकत बसली होती, नर्सबाईंच्या सुईपुढे दंड केला होता, पेढ्यासाठी तोंड उघडलं होतं, आणि तिला कळलेलं होतं. मी दिवसभर तिच्याशेजारी बसून होतो. तिनं दाबून घातलेल्या घड्या माझ्यासमोर होत्या आणि मी बघितल्या नव्हत्या. रंग ओळखणारे डोळे म्हणे! मला माझी एवढी लाज कधीच वाटली नव्हती.

आई शिवकन्येला घेऊन आत गेली आणि दार लोटलं.

ओट्यावर राहिलो आम्ही पुरुष आणि भामाबाई. तिचं तोंड उघडणार हे दिसत होतं. आप्पांनी पुडा बंद केला, घसा साफ केला आणि म्हणाले, "पेढे अस्तराचे होते."

"काय?" आसाराम म्हणाला.

"मुंबईच्या कंपनीची एजन्सी भेटली. अस्तराची. त्याचे पेढे. तुमी लोकांनी उगंच भलता अर्थ काढला." आणि समोरच्यांनी भिंतीवरच्या फोटोचा विचार करायच्या आत त्यांनी तो काढून गादीखाली घातला. धंद्यात खोटं बोलायचं नाही म्हणून ज्यांनी दोन वेळा दुकानाचं नुकसान सोसलं, ते माझे वडील. त्यांचे कान लाल झाले होते. आसाराम त्यांच्याकडे जरा वेळ बघत राहिला आणि मग म्हणाला, "चांगली हाय ती कंपनी. मी ऐकलंय." त्या एका वाक्यासाठी मी त्याच्याकडून पुढे कायम कंगवे घेतले.

पण बोललेलं निभवावं लागतं. लोक नव्या अस्तराची चौकशी करू लागले. शेवटी आप्पांनी खरोखरच मुंबईला पत्र टाकून एजन्सी घेतली. कंपनीनं सुरुवातीलाच पीच रंगाच्या एवढ्या गठड्या पाठवल्या की त्या अजून संपलेल्या नाहीत. तलवाड्यात त्या वर्षी शिवलेल्या कुठल्याही ब्लाउजाला आतून पीच अस्तर सापडेल.

आणि भिवराबाईंची नोंद? ती काढायला मी गेलो, तर त्या म्हणाल्या की घातलेलं नाव काढायला रकानाच नाही. "काढलं तर सायेब म्हणत्याल, तपासल्याबिगर घातलंच कसं?"

"तपासलं नव्हतंच ना बाई."

"मग तेच तर." मी पायऱ्या उतरलो तर मागून हाक मारून म्हणाल्या, "आसू द्या सिद्धाराम. नाव हाय तितंच राहू द्या. तारीख काय, पुढं बदलता येती."

त्यानंतर शिवकन्येनं त्या पट्टीचं नाव घेतलं नाही. मलमलचा तुकडा मी कपाटात शोधला, नव्हता. विचारायचं धाडस झालं नाही. पाऊस होऊन गेला, कापूस आला, ऊसतोडीला माणसं गेली आणि परत आली. लोक पुन्हा "समदं बरं हाय ना?" विचारू लागले, आणि मी "बरं हाय" म्हणून आत वळायला शिकलो.

मग एका दुपारी दुकानात गर्दी नव्हती. आई गादीवर, ट्यूबलाइटखाली, रिळं लावत बसलेली. भामाबाई मोरपंखी साडी घेऊन फॉलसाठी उभी. शिवकन्या आतून आली आणि माझ्या हातात काहीतरी ठेवलं. तसलीच पांढरी डबडी. कुठून आणली, कधी आणली, मला पत्ता नव्हता. (शेजारूनच आणली होती. आसाराम त्या दिवशी पहिल्यांदा हळू बोलला होता.)

मी बघितलं आणि सवयीनं ओट्याकडे निघालो. शिवकन्येनं बाही धरली.

"भायेर न्यायचं न्हाई."

"अगं, पण उजेडात..."

"न्हाई म्हणले ना. तुमी काय बी करू नका. तुमी निस्तं हुबं ऱ्हावा." तिनं ती डबडी माझ्याकडून घेतली आणि आईपुढे धरली.

आईनं रीळ खाली ठेवलं. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. मी वाट बघत होतो की आता ती गुडघ्यावर हात ठेवणार, उठणार, ओट्याच्या कडेला जाणार. आम्हा दोघांचा जीव त्या गुडघ्यांत अडकलेला. आईनं एकदा बघितलं. मग शिवकन्येचा हात ओढून तिला शेजारी गादीवर बसवलं, आणि स्वतः जागची उठलीच नाही.

"सिद्धा," ती म्हणाली, "भामाबाईला फॉल दे. कवापसनं हुभी हाय बाई."

मी मागे वळून मांडणीतला फॉल काढला. भामाबाईनं तो हातात घेतला, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि घेऊन गेली. संध्याकाळी तिनं तो बदलून नेला. मी मोरपंखीवर पीच दिला होता.